झाकणावरची काजळी

१

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कोणी म्हणायला नको. जळगावातल्या आमच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं जंतू वाढवते आहे. चार डॉक्टर आले नि गेले, मोहिनीताई तिथेच. सध्याचे डॉ. तरुण माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. हुशार आहेत, पण प्लेटचं झाकण उचलून नुसत्या वासावरून जंतू कसा ओळखायचा, ते त्यांना मीच शिकवलं. पुस्तकात हुंगू नका म्हणून लिहिलेलं असतं. पुस्तकात काय, काहीही लिहितात.

गेल्या वर्षभरात आपल्या भागात तीन माणसं दगावली. यावलकडचा केळीबागेतला मजूर, जामनेरच्या बाजारातला हमाल, आणि धुळ्याच्या एक बाई, शाळेत शिकवायच्या. ताप, अंगावर जांभळे डाग, दोन दिवसांत खेळ खलास. तिघांच्या रक्तात एकच जंतू निघाला, कुत्र्याच्या तोंडात राहणारा. आणि तिघांपैकी एकालाही कुत्रं चावलं नव्हतं. नुसतं चाटलं होतं.

हा जंतू अर्ध्याअधिक कुत्र्यांच्या तोंडात असतो आणि कोणाला त्याचा ताप नसतो. पण त्यातली एखादी जात अंगावर असं काही पांघरूण घेऊन येते, की आपल्या रक्तातल्या पहारेकऱ्यांना ती दिसतच नाही. ती जात कोणती नि कुठल्या कुत्र्यांत आहे, हे शोधायचं काम आमच्याकडे आलं. आम्ही कुत्र्यांच्या तोंडातले नमुने घ्यायचे, वाढवायचे आणि धुळ्याच्या मोठ्या लॅबला पाठवायचे.

मी ते काम भांडून मागून घेतलं. कारण पुनम. माझी एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी स्कूटी घसरली, पोटाला मार बसला आणि तिची पानथरी, म्हणजे प्लीहा, काढावी लागली. पानथरी म्हणजे त्या पहारेकऱ्यांची चौकी. ती नसलेल्या माणसाला हा जंतू दिवसभरात संपवतो. म्हणून पुनमच्या पर्समध्ये, माझ्या पर्समध्ये, फ्रीजवर, उशाशी अँटिबायोटिक गोळ्यांची एकेक पट्टी ठेवलेली. गल्लीत कुत्रं दिसलं की मी दगड उचलते. लोक हसतात. हसोत बापडे, पोर माझी आहे.

२

दर सोमवारी झुलालभाऊ कुत्री घेऊन यायचे. पंचावन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षं कुत्री धरण्यात गेलेली. लॅबच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते जबडा धरायचे आणि मी कापसाची काडी हिरड्यांवरून फिरवायची.

त्या सोमवारी पारा चव्वेचाळीसवर होता. चाळीस नंबरचा नमुना झाला, मी हातमोजे काढणार, तर शेडच्या सावलीत अजून एक कुत्री बसलेली. राखाडी रंगाची, म्हातारी. गळ्यात दोरी नाही.

"ही कुठली आणली, भाऊ?"

"माले नही ठावं, ताई. मी हिले धरी नही. ती सोता वनी."

आता आलीच आहे तर घेऊन टाकू म्हणून मी काडी काढली. झुलालभाऊ जबडा धरायला पुढे झाले, त्याच्या आधीच तिने तोंड उघडलं. उघडलं आणि तसंच ठेवलं, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं. डोळे माझ्यावर.

माझी खोड मला नडली. इतक्या आज्ञाधारक जनावराचा जबडा बघून मी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि हुंगलं. वास नव्हता. कुत्र्याच्या तोंडाला वास नाही, असं होतं का कधी? मी अजून वाकले, आणि तिची जीभ माझ्या ओठांवरून फिरली. एकदाच. थंडगार होती. त्या उन्हात पत्र्याला हात लागला तर फोड यायचा, आणि जीभ थंड.

मी नळाकडे धावले. साबण लावला, चुळा भरल्या, स्पिरिटने ओठ पुसले. मग कमरेवर हात ठेवून झुलालभाऊंना म्हटलं, "हे कोणाला बोलायचं नाही."

"कोनलेच नही सांगत, ताई," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

लॅबमध्ये असं काही झालं तर लिहायची वेगळी वही आहे. दुसऱ्या कोणी हे केलं असतं, तर मी त्याची सालटी काढली असती. मी स्वतः मात्र त्या वहीत एक अक्षर लिहिलं नाही. माझी पानथरी शाबूत आहे, मला काय धाड भरली, असं मनाशी म्हटलं आणि नमुन्यावर एकेचाळीस नंबर टाकला.

३

या जंतूला वाढायला हवा कमी लागते. मोठ्या शहरांत त्याला मशीन असतं. आमच्याकडे काचेची मोठी बरणी आहे. तिच्यात प्लेटा रचायच्या, वर एक मेणबत्ती पेटवून ठेवायची, काठाला व्हॅसलीन फासून झाकण घट्ट बसवायचं. मिनिटभरात मेणबत्ती आपोआप विझते, आतल्या हवेचं काम झालेलं असतं. झाकणाला आतून काजळी धरते तेवढीच. मग ती बरणी मागच्या उबेच्या खोलीत ठेवायची. चार-पाच दिवस काही दिसत नाही. हा जंतू सरकारी कामासारखा सावकाश.

मंगळवारी सकाळी मी सहज बरणीत डोकावले, तर एकेचाळीस नंबरची प्लेट भरून गेली होती.

माझ्या हातून काहीतरी भेसळ झाली असेल म्हणून काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तोच जंतू, लांब, बारीक, टोकाला निमुळता. एका रात्रीत. आणि मी काडी ओढली होती नागमोडी रेघांत. वाढ मात्र रेघांवर नव्हती. प्लेटच्या या काठापासून त्या काठापर्यंत एकच रुंद पट्टा.

बरणी धुवायला घेतली तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. झाकणाला आतून धरलेली काजळी मधोमध पुसलेली होती, तीन बोटं रुंदीची. बोटाने पुसली असती तर बोटांच्या रेघा उठल्या असत्या. ही जागा लख्ख होती, आणि तिच्या कडांना ओल होती.

त्या खोलीची किल्ली दोघांकडे. डॉक्टर सकाळी दहाच्या आत येत नाहीत. राहिले मी.

"डॉक्टर, तुम्ही बरणी उघडली का?"

"मी? तुमच्या बरणीला हात लावायची माझी हिंमत आहे का, मोहिनीताई?"

ते खरंच होतं. मी दुसरी मेणबत्ती लावली, झाकण बसवलं, व्हॅसलीनवर नखाने खूण केली. एकेचाळीसची प्लेट एसटीच्या पार्सलने धुळ्याला धाडली. बुधवारी काजळी पुन्हा पुसलेली, आणि खूण बिघडलेली. गुरुवारीही तेच.

गुरुवारपासून तो आवाजही सुरू झाला. मी टेबलावर वही लिहीत बसले की जवळच कुठेतरी लप् लप् व्हायचं, पाणी प्यायल्यासारखं. कूलरची टाकी गळत असेल म्हणून बघितलं, तर टाकी कोरडी होती. मी श्वास रोखून, ओठ घट्ट मिटून ऐकायला उभी राहिले की आवाज थांबायचा. कामाला लागले की सुरू.

४

आम्ही राहतो धनकुंवर काकूंच्या घरात, वरच्या मजल्यावर. नवरा सुरतेला नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. काकू मारवाडी जैन, सत्तरीच्या पुढच्या. एकेकाळी त्यांची डाळमिल होती. आता खालच्या एका खोलीत रिकामी पोती आणि शेजारच्या खोलीत काकू, एवढंच उरलंय. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतात, आणि तव्यावरची शेवटची पोळी कुत्र्याची म्हणून पायरीवर ठेवतात. त्या पोळीवरून माझं नि त्यांचं दर आठवड्याला वाजायचं. पोळीमुळे कुत्री येतात, नि कुत्र्यांनी पुनमला चाटलं म्हणजे?

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी आले, तर काकू पायरीशी उभ्या.

"बेटा, चार दिवस झाले, गल्लीत एक कुत्रं फिरकत नाही," त्या म्हणाल्या.

"बरं झालं. तुमच्या धर्माला सुट्टी."

"पोळी मात्र रोज जाते."

त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. उंदीर-घुशी असतील म्हणून मी जिना चढले. कुत्री नाहीत हे खरं होतं. कोपऱ्यावरच्या पानटपरीखाली पाच-सहा कायम पडलेली असायची. मी आले की आता ती उठून रस्त्याच्या पलीकडे जात होती. माझ्या दगडांचा धाक, दुसरं काय.

वर पुनम टीव्हीसमोर. माझ्याकडे बघून फिस्सकन हसली. "आई, तू चोरून मिश्री लावायला लागलीस का गं?"

"थोबाड फोडीन. का?"

"दात बघ तुझे. काळे झालेत."

चहा जास्त होतोय, मी म्हटलं, आणि ब्रश करून टाकला. खरं सांगायचं तर तीन-चार दिवस जिभेवर राखेची चव होती. ठेच्याशिवाय काही लागत नव्हतं. मनात शंका आली होती, नाही असं नाही. पण पाणी नीट पीत होते, ताप नव्हता, आणि कुत्र्याची इंजेक्शनं मी दर वर्षी नेमाने घेते. मग घाबरायचं कशाला?

रविवारी लोणच्याच्या कैऱ्या आणल्या. विळीवर चिरताना पुनमचं बोट कापलं. मी जखम धुतली, औषध लावलं, जाड पट्टी बांधली. दुपारी दोघी पंख्याखाली आडव्या झालो. पाचला मला जाग आली तेव्हा पट्टी सुटून फरशीवर पडली होती, पुनम भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी पट्टी पुन्हा बांधली. बोट स्वच्छ होतं, रक्ताचा ठिपकाही नव्हता.

५

मंगळवारी दुपारी बाराला धुळ्याहून फोन आला. तिथल्या लॅबमध्ये विधी म्हणून एक मुलगी आहे, फार मन लावून काम करते.

"ताई, सापडली! तुमची एकेचाळीस. त्या तिघांच्या रक्तातली जात आणि ही जात एकच. पांघरूणवाली."

शेजारी उभे असलेले डॉ. तरुण तिचा आवाज ऐकून टाळ्या पिटायचेच बाकी होते. मी त्यांना खूण करून गप्प केलं, कारण विधी पुढे बोलत होती.

"पण ताई, एक घोळ आहे. एकेचाळीसच्या पहिल्या नमुन्यात कुत्र्याच्या तोंडातल्या पेशी आहेत, ते ठीक. नंतरचे जे पाच आले…"

"नंतरचे पाच कुठले?"

"तुम्हीच पाठवलेत ना? बुधवार ते रविवार, रोज एक. जंतू तोच आहे. पण पेशी कुत्र्याच्या नाहीत, ताई. माणसाच्या आहेत. बाईच्या."

रविवारी लॅब बंद असते. मी फोन ठेवला आणि नमुन्यांची वही ओढली. एकेचाळीस, बुधवार. एकेचाळीस, गुरुवार. शुक्रवार, शनिवार, रविवार. अक्षर माझं. माझी ती लफ्फेदार 'म' ची सही. रविवारची वेळ लिहिली होती दुपारी साडेतीन. पानांचे कोपरे ओले होऊन सुरकुतलेले.

शेडमध्ये झुलालभाऊ पिंजरा धूत होते. मी दारातूनच ओरडले, "भाऊ, ती राखाडी कुत्री पुन्हा कधी आणली होतीत? खरं सांगा!"

त्यांनी पाणी बंद केलं. "ताई, ती ते तवयच मरी गयी. तुमले चाटं नि पाच मिंटमा आडी पडनी. मीच खड्डा खंदीसन पुरी तिले." मग पिंजऱ्याची फळी मधे धरून, दोन पावलं मागे सरत, हळूच म्हणाले, "तुमले सांगं व्हतं मी. तुम्ही हासनात."

मला काही आठवत नव्हतं.

६

लॅबमधल्या बेसिनवर आरसा आहे. बावीस वर्षांत मी त्यात कधी धड पाहिलं नाही, केस सारखे केले की पुढे. त्या दिवशी मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि तोंड उघडलं. उघडायला आढेवेढे घेतले नाहीत. आपोआप उघडलं, आणि तसंच राहिलं.

जीभ काळी होती. मधोमध, तीन बोटं रुंदीची, काजळीने माखलेली.

मी ओरडले असते, पण तेवढ्यात पदराखाली मोबाईल वाजला. पुनम.

"आई, मला थंडी वाजतेय गं."

बाहेर चव्वेचाळीस डिग्री. "बोट? बोट कसं आहे?"

"सुजलंय. आई, रागावू नकोस. रविवारी मी जागी होते." ती रडत होती. "तू झोपेतच होतीस बहुतेक. माझ्या पायाशी येऊन बसलीस, दातांनी पट्टी काढलीस आणि… मला वाटलं, लहानपणी फुंकर घालायचीस तसं काहीतरी. मी हात ओढला तर तू गुरगुरलीस. मग चप्पल न घालता निघून गेलीस. तासाने आलीस आणि पुन्हा झोपलीस. मी घाबरून कोणालाच नाही सांगितलं."

जगातल्या प्रत्येक कुत्र्याच्या तोंडाकडे मी संशयाने बघितलं. माझ्या पोरीला मीच.

"ऐक," मी म्हटलं. आवाज कसा स्थिर राहिला देवाला माहीत. "फ्रीजवरची पट्टी घे, आत्ताच्या आत्ता दोन गोळ्या. काकूंना हाक मार, रिक्षाने दवाखान्यात जा. तिथल्या लोकांना डॉक्टर तरुणना फोन करायला सांग, ते जातीचं नाव सांगतील, औषध लगेच सुरू होईल. आणि पुनम, आतून कडी लाव. मी आले तरी दार उघडू नकोस. कितीही हाका मारल्या तरी नाही."

पलीकडे कडी सरकल्याचा आवाज आला.

"आई," ती म्हणाली, "तू फोनवर कशाला बोलतेयस? तू दारातच आहेस."

मी खाली पाहिलं. पायात चप्पल नव्हती, तळवे भाजून फोड आले होते. समोर बेसिन नव्हतं. आमचं दार होतं, हिरवा रंग, त्यावर नवऱ्याच्या नावाची पाटी. पाटी मला मान वर करून बघावी लागत होती. दाराच्या खालच्या फळीवर रंग खरवडलेला होता, आणि माझ्या नखांत हिरवे कपचे.

७

माझ्यात अजून जेवढी आई उरली होती, तेवढीने मी जिना उतरले. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"काकू, मला पोत्यांच्या खोलीत कोंडा. बाहेरून कडी घाला. मग वर जा आणि पुनमला दवाखान्यात न्या. मी ओरडले तरी उघडू नका."

त्यांनी काय झालं म्हणून विचारलं नाही. सूप बाजूला ठेवलं, उठल्या, किल्ल्यांचा जुडगा काढला. मग खोलीचं दार ओढून घेऊ लागल्या.

"तुम्ही पाहिलंत ना मला? पायरीवर?"

"गेल्या गुरुवारीच," काकू म्हणाल्या. "दारात येईल त्याला द्यायचं, बेटा. कोण आलंय ते बघत बसायचं नाही. सासूबाईंनी असंच शिकवलं होतं."

कडी बसली. मी पोत्यांवर पडून ऐकत राहिले. वरून पुनमची पावलं आली, जिन्यात अडखळली. माझ्या दाराशी थांबली. "आई?" मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दातांनी आवळून धरला, कारण तिचा वास येत होता. तापाचा, कैरीचा, तिच्या शाम्पूचा. काकू म्हणाल्या, "चल, चल, रिक्षा उभी आहे." मग रिक्षा गेली.

साडेपाचला मोबाईलवर डॉ. तरुणांचा निरोप आला. औषध वेळेत मिळालं. जात माहीत होती म्हणून नेमकं देता आलं. ताप उतरतोय, पोरगी आई आई करतेय, तुम्ही कुठे आहात?

मी रडले. बावीस वर्षांत इतकं मोठं काम माझ्या हातून झालं नव्हतं. त्यांना उत्तर लिहायला मोबाईल हातात घेतला, पण अक्षरांवर अंगठा बसेना.

सूर्य कलला तशा काकू परत आल्या. चूल पेटल्याचा वास आला, मग पोळीचा. त्यांची पावलं पायरीकडे गेली नाहीत. माझ्या दाराशी आली, गुडघे धरून त्या खाली बसल्याचं ऐकू आलं, आणि दाराखालच्या फटीतून शेवटची पोळी आत सरकली. तूप लावलेली, अजून गरम.

"खाऊन घे, बेटा," काकू म्हणाल्या. "पुनम बरी आहे."

मी त्या पोळीला हात लावला नाही. हातांची गरजच पडली नाही.